उजेडाच्या वाटेवरचे थांबे

इंटरनेटला लागणाऱ्या विजेचा विषय निघाला की बोट डेटा सेंटरकडे जातं. ते साहजिकही आहे. प्रचंड इमारती डोळ्यांना दिसतात, त्यांच्या बातम्या येतात, नवी मुंबईत त्यांच्यासाठी जमिनींचे व्यवहार होतात. त्या इमारतींना एकमेकींशी आणि आपल्या घरांशी जोडणारी वाट मात्र जमिनीखाली नाहीतर समुद्राच्या तळाशी पडलेली असते, त्यामुळे ती हिशेबातून सुटते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ या वर्षासाठी केलेला अंदाज या बाबतीत डोळे उघडणारा आहे. जगभरच्या डेटा सेंटरांनी त्या वर्षी २४० ते ३४० अब्ज युनिट वीज वापरली, आणि माहिती इकडून तिकडे नेणाऱ्या जाळ्यांनी २६० ते ३६० अब्ज युनिट. म्हणजे माहिती साठवण्या-कुटण्याला जेवढी वीज लागली, जवळपास तेवढीच ती पोचवायला लागली. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आल्यापासून पहिला आकडा फार वेगाने वाढतो आहे हे खरं. पण म्हणून दुसरा लहान होत नाही. जगातल्या एकूण विजेचा तो एक ते दीड टक्का आहे.

या दुसऱ्या आकड्यातला सुमारे दोन-तृतीयांश वाटा मोबाइलच्या जाळ्याचा, म्हणजे मुख्यतः गावोगावच्या टॉवरांचा. उरलेल्यात घरापर्यंत येणारं फायबर, जागोजागची एक्स्चेंजं, आणि शहरांना, देशांना, खंडांना जोडणारं लांब पल्ल्याचं जाळं, ज्याला या धंद्यातले लोक सरसकट बॅकबोन म्हणतात. हा शेवटचा तुकडा सगळ्यात छोटा. मग त्याच्यावर एवढं लिहायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की टॉवर लाखो आहेत आणि त्यांचे प्रश्नही लाखो आहेत. बॅकबोनचे निर्णय मात्र मोजक्या कंपन्यांचे मोजके लोक घेतात, आणि एकदा घेतले की ते पुढची दहा-पंधरा वर्षं बदलत नाहीत. शिवाय विजेचा एक मूलभूत मुद्दा इथे जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही. बॅकबोनचं वीजबिल त्यातून किती माहिती वाहते यावर फारसं अवलंबून नसतं. जाळ्याचा नकाशा काढला त्या दिवशीच ते बव्हंशी ठरून गेलेलं असतं. आणि त्या नकाशातली सगळ्यात महाग जागा म्हणजे प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश करणारा थांबा. रात्री ट्रॅफिक कमी झालं की यंत्रं झोपवावीत, वाटा बदलाव्यात, अशा युक्त्यांवर गेल्या वीस वर्षांत पुष्कळ बुद्धी खर्च झाली आहे. माझ्या मते खरी बचत तिथे नाही. ती थांबे कमी करण्यात आहे.

यासाठी काचेपासून सुरुवात करावी लागते. पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं, पण त्या काळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विझायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेतून मांडलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे; दर किलोमीटरला होणारी घट २० डेसिबलच्या खाली आणली तर दूरसंचार शक्य आहे. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा शिल्लक. आज वाचताना ही अट किती सैल वाटते! पण ती गाठायलाही १९७० उजाडलं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती पार केली. आजच्या साध्या फायबरमध्ये दर किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास घट होते, म्हणजे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शाबूत असतो आणि ८० किलोमीटरनंतर चाळिसावा हिस्सा उरतो. तिथे त्याला बळ द्यावं लागतं. १९८०च्या दशकापर्यंत हे बळ देण्याची एकच रीत होती. प्रकाश पकडायचा, त्याची वीज करायची, बिट ओळखायचे, घासूनपुसून नव्या लेझरने पुढे पाठवायचे. प्रत्येक तंतूमागे, प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक दिशेला असा एकेक संच. १९८६-८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये एमॅन्युएल देसुर्विर यांनी एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेतून प्रकाश थेट वाढवून दाखवला. काच जिथे सर्वांत पारदर्शक असते, नेमकी त्याच १५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात एर्बियम काम करतं. निसर्गाने दिलेली ही सवलत फार मोठी आहे. असा एक अँप्लिफायर तंतूतल्या ऐंशी-नव्वद वेगवेगळ्या तरंगलांबींना एकाच वेळी बळ देतो, आणि त्यांच्यात काय लिहिलंय, किती वेगाने लिहिलंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. विजेची बचत हा त्यामागचा हेतू नव्हता, पण दूरसंचाराच्या इतिहासात एवढी मोठी बचत क्वचितच झाली असेल. ती झाली कारण शेकडो थांब्यांवर प्रकाशाला आता विजेत उतरावं लागत नव्हतं.

पुढचा प्रश्न शहरांचा. समजा, मुंबईहून कोलकात्याला जाणारी माहिती नागपूरमार्गे जाते. जुन्या पद्धतीत नागपूरच्या राउटरवर ती सगळी प्रकाशातून विजेत उतरते, प्रत्येक पाकिटाचा पत्ता वाचला जातो, ‘हे नागपूरचं नाही’ असं ठरतं आणि पुन्हा लेझरवर चढवून पुढे धाडलं जातं. नागपूरला ज्याचं काही काम नाही त्याने तिथे उतरावंच का? मुंबई-कोलकाता ट्रॅफिकला एक अख्खी तरंगलांबी दिली, तर नागपूरला तिला आरशांच्या यंत्रणेने प्रकाशरूपातच वळवून पुढे सोडता येते, विनाथांबा एसटी मधल्या स्टँडात न शिरता बाहेरून निघून जाते तशी. याला बायपास म्हणतात. गांगशियांग शेन आणि रॉड टकर यांनी २००९ मध्ये याचं गणित मांडलं. त्या वेळच्या मोठ्या राउटरचं ४० गिगाबिटचं एक पोर्ट त्यांनी १००० वॅटचं धरलं, लांब पल्ल्याचा प्रकाश तयार करणारा ट्रान्सपॉन्डर ७३ वॅटचा, आणि वाटेतला एक अँप्लिफायर ८ वॅटचा. हे तीन आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष जवळजवळ आपोआप निघतो. अख्खी वाट प्रकाशात ठेवायला लागणारी वीज नगण्य. राउटरचं दार उघडायला लागणारी वीज प्रचंड. त्यांच्या हिशेबात बायपासमुळे जाळ्याची एकूण वीज २५ ते ४५ टक्क्यांनी कमी होत होती, आणि जाळं जितकं मोठं तितकी बचत जास्त.

मात्र बायपास फुकट नसतो, आणि हे त्याच्या कैवाऱ्यांनी कधीकधी हातचं राखून सांगितलं आहे. मुंबई-कोलकाता ट्रॅफिक चाळीस गिगाबिटच असेल आणि तरंगलांबी चारशे गिगाबिटची असेल, तर नव्वद टक्के रिकामी वाट आपण दिवसरात्र उजळत ठेवली असा त्याचा अर्थ. दोन्ही टोकांचे लेझर भरल्या आणि रिकाम्या वाटेसाठी सारखीच वीज घेतात. अशा वेळी नागपूरला उतरून तिथल्या ट्रॅफिकबरोबर एकत्र बांधणं शहाणपणाचं. छोटे प्रवाह एकत्र बांधून तरंगलांबी भरण्याच्या या कामाला ग्रूमिंग म्हणतात, आणि कोणता प्रवाह कुठे उतरवायचा, कोणता थेट सोडायचा, हे शोधणं गणिताच्या दृष्टीने फार किचकट असतं. जाळं मोठं असेल तर अचूक उत्तर मिळत नाही, बरं उत्तर शोधून समाधान मानावं लागतं. जपानच्या एनटीटीमधल्या मासाहिको जिन्नो यांच्या गटाने २००९ मध्ये दुसरी वाट सुचवली: तरंगलांबीची रुंदीच लवचीक करावी, प्रवाहाला हवी तेवढीच पट्टी कापून द्यावी. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मानकात १२.५ गिगाहर्ट्झच्या बारीक पट्ट्या आल्या आणि ही कल्पना बाजारात उतरली. हिशेबाची दिशा मात्र तीच राहिली. प्रवाह पट्टी भरण्याइतका असेल तर उतरू नका, नसेल तर उतरा.

आता समुद्राकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. समुद्रतळावरच्या केबलमध्ये दर साठ-ऐंशी किलोमीटरला अँप्लिफायर बसवलेले असतात, आणि त्यांना वीज पुरवायला वाटेत कोणी नाही. किनाऱ्यावरच्या केंद्रातून, केबलच्याच धातूच्या नळीतून, सुमारे एक अँपिअरचा अखंड प्रवाह सोडला जातो. त्याचा दाब पंधरा हजार व्होल्टपर्यंत नेता येतो. त्यापुढे इन्सुलेशनचा भरवसा नाही. एका टोकाची यंत्रणा बंद पडली तर दुसऱ्याने एकट्याने भार पेलायचा असतो, म्हणून आखणी करताना पंधरा किलोवॅट हीच मर्यादा धरतात. त्यातलीही बरीचशी वीज धातूच्या विरोधातच जिरते, कारण हजारो किलोमीटर लांबीत किलोमीटरमागे एक ओहमच्या आसपासचा विरोधही भारी पडतो. शेन आणि टकर यांच्या हिशेबातला राउटर इथे आठवावा: अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या अख्ख्या केबलला जेवढी वीज देता येते, तेवढी त्या राउटरची पंधरा पोर्टं खाऊन टाकत होती. किनाऱ्यावरच्या लेझरांची आणि मोडेमांची वीज या पंधरा किलोवॅटमध्ये नाही, हे न्यायाने सांगायला हवं. तरीही फरक डोळ्यांत भरतो.

ही मर्यादा वाढवता येत नाही म्हटल्यावर अभियंत्यांनी काय केलं? क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार वाहिनीची क्षमता शक्तीच्या प्रमाणात वाढत नाही, शक्तीच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढते. एका तंतूत दुप्पट प्रकाश ओतला की क्षमता दुप्पट होत नाही, थोडीशी वाढते. त्यात काचेचे स्वतःचे विकारही प्रकाश वाढला की बळावतात. तोच प्रकाश दोन तंतूंत वाटला तर प्रत्येकाची क्षमता थोडीशीच घटते आणि बेरीज भरपूर वाढते. म्हणजे एकेका तंतूला पिळून काढण्याचा दोन दशकांचा ध्यास विजेच्या दृष्टीने उलटा होता. २०१७ मधल्या मरेया केबलमध्ये तंतूंच्या आठ जोड्या होत्या आणि आखलेली क्षमता १६० टेराबिट. २०२१ मध्ये सुरू झालेल्या गूगलच्या डुनॉ केबलमध्ये बारा जोड्या आणि २५० टेराबिट. तिच्यात अँप्लिफायरला शक्ती पुरवणारे पंप-लेझर एकेका जोडीला न जखडता अनेक जोड्यांत वाटून दिले. त्यानंतर आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या २आफ्रिका केबलमध्ये सोळा जोड्या आल्या आणि मेटाच्या अंजाना केबलमध्ये चोवीस. २आफ्रिकाची पर्ल्स ही शाखा मार्च २०२५ मध्ये मुंबईत उतरली. याच मुंबईत १९९७ साली आलेल्या फ्लॅग केबलमध्ये दोन जोड्या होत्या, आणि दोन्ही मिळून दहा गिगाबिट. वीज पुरवण्याची रीत तेव्हाची आणि आताची तत्त्वतः एकच. वाढलं ते विजेच्या प्रत्येक वॅटमागचं काम. वीज मोजून वापरावी लागली तिथे नकाशाच बदलला. जमिनीवर भिंतीतल्या सॉकेटातून हवी तेवढी वीज मिळत राहिली, आणि बिल जाळं आखणाऱ्याच्या टेबलावर येत नव्हतं, म्हणून ही शिस्त तिथे यायला उशीर झाला.

जमिनीवर एक वेगळीच विचारधारा वाढली. २००३ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी विचारलं, की जाळ्यातली यंत्रं काम नसतानाही पूर्ण वीज का घेतात? प्रश्न धाडसाचा होता, कारण इंटरनेट म्हणजे सदा जागं, ही तोवरची श्रद्धा. २००९ च्या सुमारास तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये कियाराविल्यो, मेलिया आणि नेरी यांनी दाखवलं की ट्रॅफिक ओसरल्यावर ते थोड्या वाटांवर गोळा केलं तर इतर दुवे, कधी अख्खे राउटर, बंद ठेवता येतील आणि जाळ्याच्या विजेत वीस टक्क्यांहून अधिक बचत होईल. २०१० मध्ये इथरनेटच्या मानकात तांब्याच्या दुव्यांसाठी झोपेची सोय आलीही. त्याच वर्षी बेल लॅब्जच्या पुढाकाराने ग्रीनटच ही संघटना उभी राहिली. जाळ्याची कार्यक्षमता हजारपट करण्याचं तिचं उद्दिष्ट होतं, आणि पाच वर्षांनी काम आटोपताना तिने अनेक तंत्रं पुढे ठेवली. या संशोधनाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली: राउटरच्या विजेचा मोठा हिस्सा ट्रॅफिक शून्य असतानाही खर्च होतो. पेटी, पंखे, मधली स्विचिंगची यंत्रणा, लेझर, सगळं चालूच असतं. २०२० च्या टाळेबंदीत जगभर ट्रॅफिक एकदम उसळलं तेव्हा जाळ्यांच्या वीजबिलात त्या मानाने जवळपास काहीच हललं नाही, हा त्याचा जिवंत पुरावा. म्हणूनच एका जीबीमागे किंवा एका चित्रपटामागे इतकी वीज, इतका कार्बन, असले आकडे फसवे असतात. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या शिफ्ट प्रोजेक्टच्या नावाने अर्ध्या तासाच्या व्हिडिओमागे १.६ किलो कार्बन डायऑक्साइड हा आकडा जगभर फिरला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या जॉर्ज कामिया यांनी तो तपासला तेव्हा तो अनेक पटींनी फुगलेला निघाला. तुम्ही चित्रपट पाहिला नाही म्हणून नागपूरचा राउटर एक वॅटही कमी घेणार नाही.

मग रात्री यंत्रं झोपवण्याची युक्ती प्रत्यक्षात का रुळली नाही? आळस हे त्याचं कारण नव्हे. लांब पल्ल्याचा आधुनिक दुवा बटण दाबताच जागा होत नाही. लेझरची तरंगलांबी स्थिरावते, मोडेम वाटेतल्या विकृती शिकून घेतो, अँप्लिफायरांना प्रकाशाचा नवा समतोल साधावा लागतो, आणि यात मिनिटं जातात. त्याच तंतूतल्या तरंगलांबी अचानक कमी केल्या तर उरलेल्यांना मिळणारं बळ बदलतं आणि चालू ट्रॅफिकमध्ये चुका शिरतात. वारंवार गार-गरम होणं यंत्राच्या आयुष्यालाही बरं नाही. त्यात माणसाचा भाग असतो: रात्रपाळीच्या अभियंत्याने दोनशे युनिट वाचवली तर कोणी पाठ थोपटत नाही, पहाटे दुवा उठला नाही तर मात्र खुलासा द्यावा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झ्युरिकच्या संशोधकांनी अलीकडे खऱ्या जाळ्यांची मोजणी करून पाहिली, तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक दुवे ट्रॅफिकला न दुखावता झोपवता येतील असं दिसलं. पण त्याच मोजण्यांतून हेही कळलं की राउटरवरचं पोर्ट बंद केलं तरी त्यात बसवलेलं ऑप्टिकल मॉड्यूल वीज घेतच राहतं, आणि सावधगिरी म्हणून बसवलेले दुहेरी पॉवर सप्लाय आपल्या क्षमतेच्या अगदी थोड्या भारावर चालत असल्याने भरपूर वीज उष्णतेत घालवतात. हे दोन्ही दोष वाटा बदलण्याने जाणार नाहीत, यंत्र घडवताना आणि निवडतानाच जातील. झोपेचे अल्गोरिदम लिहिणाऱ्यांचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळेच रिकाम्या यंत्राची भूक मोजली गेली. फक्त तिच्यावरचा उपाय त्यांच्या हातात नव्हता.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र राउटर बनवणाऱ्यांकडून येतो, आणि त्यात तथ्य आहे. शेन-टकर यांचा राउटर दर गिगाबिटला २५ वॅट घेत होता. आज एकाच रॅक-युनिटच्या पेटीत दहा टेराबिटहून अधिक क्षमता मिळते आणि ती मॉड्यूल वगळता अर्ध्या किलोवॅटच्या आतबाहेर वीज घेते; दर गिगाबिटला हा हिशेब वॅटच्या विसाव्या हिश्श्याखाली येतो. चारशे गिगाबिटचं लांब पल्ल्याचं, बोटाएवढं मॉड्यूल वीस वॅटच्या आसपास घेतं. म्हणजे दार उघडणं पूर्वीच्या मानाने जवळजवळ फुकट झालं आणि उजेड करायला लागणारी वीज त्याच्या बरोबरीला आली. मग बायपासचा खटाटोप सोडा, प्रत्येक शहरात उतरा, नाहीतरी राउटर स्वस्त आहे, असं म्हणणाऱ्या कंपन्या आता आहेत आणि काही दूरसंचार कंपन्या तसं जाळं बांधतही आहेत. पण नीट पाहिलं तर त्यांनी वाचवलेली वीज कुठून आली? पूर्वी राउटरमधून आखूड पल्ल्याचा प्रकाश निघे, शेजारच्या रॅकमधल्या ट्रान्सपॉन्डरमध्ये त्याची वीज होई, आणि मग लांब पल्ल्याचा प्रकाश निघे. २०२० मध्ये ओआयएफ या संघटनेने ४००झेडआर हे मानक ठरवलं आणि लांब पल्ल्याचा लेझर थेट राउटरच्या खोबणीत बसू लागला. मधला रूपांतराचा टप्पा दोन्ही टोकांना गळाला. म्हणजे त्यांनीही थांबाच काढून टाकला, फक्त तो शहरांच्या मधला नसून एकाच खोलीतल्या दोन कपाटांमधला होता. आणि जिथे प्रवाह तरंगलांबी भरतो तिथे मधल्या प्रत्येक शहरात दोन मॉड्यूलं, म्हणजे चाळीसेक वॅट, आणि शिवाय त्यांना थंड ठेवण्याची वीज, हे पूर्वीइतकंच अनावश्यक आहे. गूगलने डेटा सेंटरच्या आतल्या जाळ्यात मधल्या थराचे स्विच काढून त्यांच्या जागी सूक्ष्म आरशांनी प्रकाश वळवणारी यंत्रं बसवली, तेव्हा २०२२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार त्या जाळ्याची वीज सुमारे ४० टक्क्यांनी घटली. आरशाला वेग कळत नाही. शंभर गिगाबिट असो की आठशे, तो तेवढाच वळतो.

जमिनीवरच्या हिशेबातला एक घटक शोधनिबंधांत नेहमी दबून जातो. अँप्लिफायर ८ वॅटचा खरा, पण तो जंगलात एकटा बसत नाही. त्याच्याभोवती खोली असते, बॅटऱ्या असतात, वातानुकूलन असतं, बाहेर डिझेलचा जनरेटर असतो. विदर्भातल्या मे महिन्यात त्या खोलीतला एसी आतल्या सगळ्या काचेपेक्षा कितीतरी अधिक वीज घेणार हे सांगायला मोजणीची गरज नाही. चौदाशे किलोमीटरच्या वाटेवर दर ८० किलोमीटरला एक धरली तर अशा सतरा खोल्या होतात. म्हणून तिथे बचत करायची तर खोल्याच कमी करायला हव्यात, म्हणजे काच आणखी स्वच्छ हवी. २०२५ मध्ये साउदॅम्प्टनच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पोकळ गाभ्याच्या, म्हणजे प्रकाश हवेतून नेणाऱ्या तंतूत दर किलोमीटरला ०.०९१ डेसिबल एवढीच घट दाखवली. नेहमीच्या फायबरच्या ती निम्म्याहून कमी. हा तंतू अजून महाग आहे आणि त्याची जोडणी अवघड आहे. पण तो स्वस्त झाला तर दोन खोल्यांमधलं अंतर दुपटीच्या जवळ जाऊ शकेल.

वीज वाचवण्याच्या नादात जाळ्याचा भरवसा जाईल, हा विश्वासार्हतेचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येत नाही. ६ सप्टेंबर २०२५ रोजी जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या मुंबईला येणाऱ्या दोन्ही केबल तुटल्या, आणि भारत-युरोप ट्रॅफिक इतर वाटांवर ढकलावं लागलं. त्या इतर वाटा त्या दिवसापूर्वी अर्धवट रिकाम्या होत्या म्हणूनच ते शक्य झालं. रिकामी क्षमता म्हणजे उधळपट्टी नव्हे, हे अशा दिवशी पटतं. पण क्षमता राखून ठेवणं आणि ती पेटती ठेवणं यांत फरक आहे. प्रत्येक प्रवाहाची हुबेहूब दुसरी प्रत दुसऱ्या वाटेने दिवसरात्र पाठवत राहायची, की अनेक प्रवाहांमध्ये मिळून एक राखीव वाट ठेवायची आणि तुटल्यावर प्रकाशाच्या पातळीवरच वळवायचं, हा आखणीतला निर्णय आहे. पहिल्यात बदल निमिषात होतो, दुसऱ्यात काही सेकंद, कधी मिनिटं जातात. शेअर बाजाराच्या दुव्याला पहिलं हवं. चित्रपटाच्या साठ्याला दुसरं चालेल. सगळ्यांना पहिलंच देण्याची सवय मात्र केवळ विचार न करण्यातून आलेली असते. बचत केली की वापर वाढतो, कोळशाबाबत अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्येच हे सांगितलं होतं, असाही एक आक्षेप घेतला जातो. इथे तो निम्माच लागू पडतो: वापर वाढणारच, आणि बचत केली नसती तर तो वाढलेला वापर जुन्याच दराने वीज खात बसला असता.

भारतात हा सगळा वाद पुस्तकी राहत नाही, कारण इथे नकाशा अजून काढला जातो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेच्या सुधारित आराखड्याला मंजुरी दिली; खर्च १,३९,५७९ कोटी रुपये, आणि बांधणीनंतर दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच. आधीच्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेला प्रकाश वाटेत काचेच्या स्प्लिटरने विभागून ग्रामपंचायतींपर्यंत नेला होता. स्प्लिटरला वीज लागत नाही. पण वाट सरळ रेषेत होती, रस्त्याच्या खोदकामात तंतू तुटला की पुढची सगळी गावं तुटत, आणि तसं वारंवार झालं. आता रिंग येते आहे, आणि तिच्यावर प्रत्येक ग्रामपंचायतीत राउटर. रिंगचा निर्णय योग्य आहे असंच माझं मत आहे. तरी या लेखाच्या हिशेबाने पाहिलं तर रिंगवरचं प्रत्येक गाव आता एक थांबा झालं: शेजारच्या गावाचं ट्रॅफिकही इथल्या यंत्रात विजेत उतरून पुढे जाणार. एका गावाची वीज गेली आणि बॅटरी संपली तर ट्रॅफिक उलट दिशेने फिरून जाईल. दोन गावांची गेली तर त्यांच्या मधली गावं, स्वतःकडे वीज असूनही, तुटतील. तंतू तुटण्याचा धोका कमी करताना आपण वीज जाण्याचा धोका जाळ्याच्या मध्यभागी आणून बसवला आहे. त्यामुळे या राउटरांच्या निविदेत क्षमतेच्या दहा टक्के भारावर यंत्र किती वॅट घेतं, पोर्ट बंद असताना मॉड्यूल खरोखर बंद होतं का, आणि वीज पूर्ण गेल्यावर प्रकाशाला यंत्राला वळसा घालून पुढे सोडणारा साधा ऑप्टिकल स्विच आहे का, हे तीन प्रश्न खरेदीच्या वेळी विचारले गेले पाहिजेत. शंभर वॅटऐवजी तीस वॅटवर चालणारा राउटर त्याच बॅटरीवर तिपटीहून अधिक वेळ चालतो, आणि लोडशेडिंग पाच तासांचं असेल तर त्या पंचायतीतलं जाळं चालू राहणार की नाही ते तेवढ्यावर ठरतं.